हार्वे कुशिंग

हार्वे विल्यम्स कुशिंग (८ एप्रिल १८६९ – ७ ऑक्टोबर १९३९) हे अमेरिकन शल्यविशारद होते. मेंदूवरील शस्त्रक्रिया ही वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून उभी करण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांना दिले जाते. त्यांनी हे काम हाती घेतले त्या काळी मेंदूतील अर्बुदावर (गाठीवर) शस्त्रक्रिया म्हणजे बहुधा मृत्यूच असे. ते निवृत्त झाले तेव्हा अशा शस्त्रक्रियेनंतर दगावणाऱ्यांचे प्रमाण दहांत एकाच्या आसपास आले होते. मेंदूतील मारक, म्हणजे कर्करोगी अर्बुदांचा जो मोठा गट ग्लायोमा या नावाने ओळखला जातो, त्याचे पेशींच्या स्वरूपावर आधारलेले पहिले व्यवस्थित वर्गीकरण त्यांनी पर्सिव्हल बेली यांच्यासह १९२६ साली प्रसिद्ध केले. पीयूषिका (पिट्यूटरी) ग्रंथीच्या एका विकारास त्यांचे नाव आहे. सर विल्यम ऑस्लर यांच्या चरित्राबद्दल त्यांना १९२६ चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

पूर्वपीठिका

कुशिंग यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यांच्या आधीची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. २५ नोव्हेंबर १८८४ रोजी लंडनमध्ये रिकमन गॉडली यांनी एका तरुणाच्या मेंदूतून ग्लायोमाची गाठ काढली. गाठ डोळ्यांना दिसत नव्हती, कवटीवर काही खूण नव्हती. हातापायांतील झटके आणि लुळेपणा यांवरून ह्यूज बेनेट यांनी तिची जागा सांगितली होती आणि ती बरोबर निघाली. निदानाचा तो मोठा विजय होता. रुग्ण मात्र सुमारे महिनाभरात जखमेतील जंतुसंसर्गाने दगावला. पुढील दोन दशकांत लंडनचे व्हिक्टर हॉर्स्ली आणि आणखी मोजके शल्यविशारद हे धाडस करीत राहिले, पण शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्यांची संख्या इतकी थोडी होती की, बहुतेक डॉक्टर अशा रुग्णाला अफू देऊन स्वस्थ ठेवणेच दयाळूपणाचे समजत.

अडचणी अनेक होत्या. कवटी ही बंद पेटी आहे. आत गाठ वाढू लागली की दाब वाढतो, डोके असह्य दुखते, उलट्या होतात आणि दृष्टी जाते. कवटी उघडताच दाबाखालचा मेंदू फुगून बाहेर येऊ पाहतो. मेंदूतील बारीक रक्तवाहिन्या इतक्या नाजूक की, हातापायांतील वाहिन्यांप्रमाणे त्यांना दोरा बांधता येत नाही. क्ष-किरणांचा शोध १८९५ साली लागला खरा, पण साध्या क्ष-किरण चित्रात हाड दिसते, मऊ गाठ दिसत नाही.

जन्म, घराणे व शिक्षण

कुशिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील क्लीव्हलंड येथे झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील हेन्री कर्क कुशिंग, आजोबा आणि पणजोबा असे तिघेही वैद्यकी करणारे होते. येल विद्यापीठातून ते १८९१ साली पदवीधर झाले; तेथे त्यांचे बेसबॉलचे वेड अभ्यासापेक्षा कमी नव्हते. त्यानंतर त्यांनी हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला आणि १८९५ साली पदवी मिळवली.

विद्यार्थिदशेतील एका प्रसंगाने त्यांच्या साऱ्या पुढील वागण्याला वळण दिले. त्या काळी शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्याचे काम कनिष्ठ विद्यार्थ्यांकडे सोपवलेले असे आणि त्यासाठी वेगळे शिक्षण नसे. कुशिंग ईथर देत असताना एक रुग्ण मेजावरच मरण पावला. वैद्यकाचा अभ्यासच सोडून द्यावा, असे त्यांच्या मनात आले. ते त्यांनी केले नाही. मित्र अर्नेस्ट कॉडमन यांच्यासह त्यांनी १८९४ च्या सुमारास भूल दिलेल्या रुग्णाची नाडी व श्वास यांची दर काही मिनिटांनी कागदावर नोंद करण्यास प्रारंभ केला. भुलेच्या नोंदपत्रकाची सुरुवात येथून झाली. आज प्रत्येक शस्त्रक्रियागृहात जे पत्रक भरले जाते, त्याचा उगम असा एका मृत्यूत आहे. चूक घडली की ती लिहून ठेवायची आणि मोजायची, ही सवय कुशिंग यांना तेव्हापासून जडली ती कायमची.

बाल्टिमोर आणि हॉलस्टेड

मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील उमेदवारी आटोपून कुशिंग १८९६ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये विल्यम हॉलस्टेड यांच्या हाताखाली रुजू झाले. भुलेचा शोध लागण्यापूर्वी शल्यविशारदाचा मोठेपणा त्याच्या वेगावर मोजला जाई, कारण रुग्ण शुद्धीवर असे. भूल आल्यावरही ती घाई बहुतेकांच्या हातांतून गेली नव्हती. हॉलस्टेड यांची रीत अगदी उलटी होती. हळूहळू काम करणे, ऊतींना इजा होऊ न देणे, रक्ताचा थेंबन् थेंब थांबवणे, बारीक रेशमाने थर जुळवणे, हे त्यांचे तंत्र. पाहणाऱ्याला कंटाळा यावा इतके ते संथ असे. कुशिंग यांनी ते आत्मसात केले. १८९७ साली खुद्द त्यांचेच आंत्रपुच्छ हॉलस्टेड यांनी काढले, तेव्हा या तंत्राचा अनुभव त्यांना दुसऱ्या बाजूनेही आला. हॉलस्टेड वारंवार गैरहजर असत, त्यामुळे अवघड रुग्ण तरुण कुशिंग यांच्या वाट्याला येत गेले. चेहऱ्यातील मज्जातंतूच्या असह्य कळांवरील शस्त्रक्रियेने त्यांचे नाव प्रथम झाले.

बाल्टिमोरमध्येच विल्यम ऑस्लर यांचा शेजार त्यांना लाभला. ऑस्लर यांच्या सहवासात जुन्या वैद्यक ग्रंथांचे वेड त्यांना लागले आणि ते अखेरपर्यंत टिकले.

युरोपचा प्रवास (१९००–१९०१)

जुलै १९०० मध्ये कुशिंग लंडनला हॉर्स्ली यांच्याकडे गेले. मेंदूच्या शस्त्रक्रियेत तेव्हा हॉर्स्ली यांच्याएवढा अधिकारी पुरुष दुसरा नव्हता. रुग्णाच्या घरीच शस्त्रक्रिया उरकण्याची त्यांची घाई आणि वाहते रक्त पाहून हॉलस्टेड यांचा शिष्य मनोमन निराश झाला. हॉर्स्ली यांची बुद्धी आणि प्रयोगशाळेतील काम यांविषयी त्यांना आदर होता. पण मेंदूला ही गती मानवणारी नाही, अशी त्यांची खात्री झाली.

तेथून ते स्वित्झर्लंडमधील बर्न येथे थिओडोर कोखर यांच्याकडे गेले. कोखर यांनी त्यांना एक प्रश्न सोपवला: कवटीतील दाब वाढला की रक्ताभिसरणावर काय परिणाम होतो? ह्यूगो क्रोनेकर यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांच्या कवटीला काचेची खिडकी बसवून कुशिंग यांनी मेंदूच्या पृष्ठभागावरील रक्तवाहिन्या प्रत्यक्ष न्याहाळल्या. कवटीतील दाब वाढू लागला की शरीर आपला रक्तदाब त्याच्याही वर चढवते आणि मेंदूला रक्त पोचते ठेवते. ही शर्यत शरीर हरले की श्वास थांबतो. या प्रतिक्रियेला पुढे 'कुशिंग प्रतिक्षेप' हे नाव मिळाले. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब चढत आणि नाडी मंदावत असेल, तर ते धोक्याचे लक्षण आहे, हे आजही परिचारिकांना पहिल्या वर्षी शिकवले जाते.

इटलीतील पाव्हिया येथे १९०१ साली त्यांनी रीवा-रोची यांचे दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे साधन रुग्णालयात रोजच्या वापरात पाहिले. त्याचा नमुना घेऊन ते बाल्टिमोरला परतले आणि भुलेच्या नोंदपत्रकात नाडी व श्वास यांच्या जोडीला रक्तदाबाचा रकाना आला. हे साधन वापरण्याचा त्यांचा आग्रह बॉस्टनच्या शल्यविशारदांना प्रथम पटला नव्हता. नाडीवरचे अनुभवी बोट पुरेसे आहे, असे त्यांचे मत होते. परतीच्या वाटेवर लिव्हरपूल येथे चार्ल्स शेरिंग्टन यांच्याबरोबर त्यांनी वानरांच्या मेंदूतील हालचालींची केंद्रे शोधण्याच्या प्रयोगांत भाग घेतला.

मेंदूची शस्त्रक्रिया: पहिली वर्षे

परतल्यावर मेंदूच्या शस्त्रक्रियेलाच वाहून घेण्याचा विचार त्यांनी मांडला, तेव्हा तो वेडेपणा वाटावा अशीच परिस्थिती होती. अशा रुग्णांची संख्या थोडी आणि त्यांतले वाचणारे त्याहून थोडे. १९०२ साली त्यांनी एका किशोरवयीन मुलीवर शस्त्रक्रिया केली. तिची वाढ खुंटली होती आणि दृष्टी जात होती. गाठ सापडली नाही. पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला आणि मुलगी दगावली. शवविच्छेदनात पीयूषिका ग्रंथीच्या जागी मोठी गाठ आढळली. पीयूषिकेकडे त्यांचे लक्ष वेधले गेले ते या अपयशामुळे. सुरुवातीच्या वर्षांतील त्यांचे बहुतेक अर्बुदरुग्ण असेच गेले.

याच वर्षी कॅथरिन क्रोवेल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यांना दोन मुलगे व तीन मुली झाल्या.

यश आले ते एखाद्या मोठ्या शोधाने नव्हे, तर लहानसहान सुधारणांच्या बेरजेने. जी गाठ सापडत नाही किंवा काढता येत नाही, अशा रुग्णाच्या कानशिलाजवळील स्नायूखालचे हाड काढून दाबाला वाट करून देण्याची पद्धत त्यांनी बसवली. गाठ तशीच राही, परंतु डोकेदुखी व उलट्या थांबत आणि आंधळेपणा टळे. ज्याला वर्षभराचेच आयुष्य आहे, त्याला ते वर्ष डोळसपणे काढता येणे ही लहान गोष्ट नव्हती. टाळूच्या त्वचेखालील चिवट पडदा निराळ्या टाक्यांनी शिवायचा आणि मग वरची त्वचा, असे दोन थर त्यांनी ठरवून दिले. त्यामुळे जखमेतून मेंदू बाहेर येणे आणि जंतुसंसर्ग होणे, ही दोन मोठी संकटे ओसरली. डोक्याभोवती हवेने फुगणारा पट्टा बांधून टाळूचा रक्तस्राव आवरण्यात आला. ज्या वाहिनीला दोरा बांधता येत नाही, तिच्यावर दाबून बसवण्याचे चांदीचे इवलेसे चाप त्यांनी १९११ साली वर्णिले. रक्तदाब कोसळू लागला की काम तेथेच थांबवायचे, जखम मिटवायची आणि काही दिवसांनी दुसऱ्या टप्प्यात गाठ काढायची, हा त्यांचा नियम होता. एकेक शस्त्रक्रिया अनेक तास चाले. शस्त्रक्रिया संपली की ते स्वतः कागदावर तिची रेखाचित्रे काढीत. चित्रकार मॅक्स ब्रोडेल यांच्याकडून घेतलेले धडे तेथे उपयोगी पडले.

१९१० साली त्यांनी अमेरिकेचे सेनाप्रमुख जनरल लेनर्ड वुड यांच्या मेंदूच्या आवरणातील गाठ दोन टप्प्यांत काढली. वुड यांना डाव्या पायापासून सुरू होणारे झटके येत होते. ते बरे होऊन कामावर रुजू झाले आणि १९२० साली राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या स्पर्धेतही उतरले. मेंदूची शस्त्रक्रिया करूनही माणूस पूर्ववत जगू शकतो, हे सामान्य लोकांना या एका रुग्णामुळे उमजले. मात्र गाठ कालांतराने पुन्हा वाढली. ऑगस्ट १९२७ मध्ये कुशिंग यांनी पुन्हा शस्त्रक्रिया केली आणि काही तासांतच वुड यांचा मृत्यू झाला. हा आघात कुशिंग यांच्या फार जिव्हारी लागला.

बॉस्टन

१९१२ साली कुशिंग हार्वर्डमध्ये शस्त्रक्रियेचे प्राध्यापक आणि बॉस्टनच्या नव्या पीटर बेंट ब्रिगम हॉस्पिटलचे मुख्य शल्यविशारद झाले. त्याच वर्षी पीयूषिका ग्रंथी व तिचे विकार यांवरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९१५ साली त्यांनी आपल्या अर्बुदरुग्णांचे हिशेब छापले. युरोपातील नामवंतांकडे तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत रुग्ण दगावत असताना कुशिंग यांच्याकडील प्रमाण शेकडा दहाच्या आत होते. १९१७ साली श्रवण तंत्रिकेच्या अर्बुदांवरील ग्रंथ आला. या गाठी मेंदूच्या मुळाशी, जगण्याला आवश्यक अशा केंद्रांना खेटून असतात आणि बोटाने उपसून काढण्याच्या जुन्या पद्धतीत बहुसंख्य रुग्ण मरत. कुशिंग गाठीचे वरचे वेष्टण तसेच ठेवून आतील भाग कोरून काढीत. गाठ पुन्हा वाढण्याचा संभव राही, पण रुग्ण घरी जाई.

याच मुद्द्यावर त्यांचे आणि त्यांचे एकेकाळचे साहाय्यक वॉल्टर डँडी यांचे बिनसले. १९१२ साली कुशिंग बॉस्टनला गेले तेव्हा डँडी बाल्टिमोरलाच राहिले होते. १९१८ साली डँडी यांनी मेंदूतील पोकळ्यांत हवा भरून क्ष-किरण चित्र घेण्याची युक्ती काढली. पोकळी कोठे दबली वा सरकली आहे, यावरून गाठीची जागा प्रथमच चित्रात दिसू लागली. कुशिंग यांनी या पद्धतीचा स्वीकार नाखुशीने केला. पुढे श्रवण तंत्रिकेची गाठ वेष्टणासह संपूर्ण काढता येते असे डँडी यांनी १९२२ साली जाहीर केले, तेव्हा कुशिंग यांनी त्यांना अत्यंत कडवट पत्र पाठवले. या वादात डँडी यांची बाजू काळाच्या कसोटीवर बरीचशी खरी ठरली, हे नमूद केले पाहिजे. कुशिंग यांचा सावधपणा हे त्यांचे बळ होते, तशी ती त्यांची मर्यादाही होती.

पहिले महायुद्ध

१९१५ साली काही काळ पॅरिसजवळील न्यूयी येथील अमेरिकन रुग्णालयात आणि १९१७ पासून हार्वर्डच्या लष्करी रुग्णालयाबरोबर कुशिंग यांनी फ्रान्स व बेल्जियमच्या आघाडीवर काम केले. मेंदूत घुसलेली हाडाची कपची व पोलादी तुकडे काढण्यासाठी त्यांनी बारीक रबरी नळीने चाचपणी आणि चोषण करण्याची पद्धत आणि लोहचुंबक वापरले. मेंदूपर्यंत भेदून गेलेल्या जखमांतील मृत्यूंचे प्रमाण त्यांच्या हाताखाली अवघ्या काही महिन्यांत निम्म्यावर आले. ऑगस्ट १९१७ मध्ये ऑस्लर यांचा एकुलता मुलगा रेव्हिअर जबर जखमी होऊन आघाडीवरच्या रुग्णालयात आणला गेला. कुशिंग धावत तेथे गेले, परंतु तो वाचला नाही. त्याच्या अंत्यविधीला वडिलांच्या जागी कुशिंग उभे होते. १९१८ साली त्यांना स्वतःलाच एका आजाराने गाठले. हातपाय बधिर व दुबळे झाले आणि पायांचे दुखणे जन्मभर राहिले.

मारक अर्बुदे आणि १९२६ चे वर्गीकरण

मेंदूच्या आवरणांतून उगवणाऱ्या गाठींना 'मेनिंजिओमा' हे नाव कुशिंग यांनी १९२२ साली दिले. या गाठी बहुधा मेंदूला बाहेरून दाबतात आणि पूर्ण काढल्या तर रुग्ण बरा होतो. ग्लायोमाचे तसे नाही. तो मेंदूच्या आधारपेशींतूनच उगवतो आणि झाडाची मुळे मातीत पसरावीत तसा निरोगी भागात पसरतो. मेंदू कोठे संपला आणि गाठ कोठे सुरू झाली, हे हाताला किंवा डोळ्याला कळत नाही. शिवाय कुशिंग यांना एक कोडे पडले होते. वरवर सारख्या दिसणाऱ्या ग्लायोमाचे दोन रुग्ण. दोघांवर तीच शस्त्रक्रिया. एक सहा महिन्यांत जातो आणि दुसरा पंधरा वर्षे संसार करतो. मग शल्यविशारदाने रुग्णाच्या नातलगांना सांगायचे तरी काय?

याचे उत्तर मिळू शकले ते त्यांच्या जमाखर्चामुळे. प्रत्येक रुग्णाचे टिपण, शस्त्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे छायाचित्र, काढलेल्या गाठीचा नमुना आणि मृत्यू झाल्यास शवविच्छेदनाचा अहवाल, हे सारे त्यांनी जपले होते. बरे होऊन गेलेल्या रुग्णांनी दरवर्षी शस्त्रक्रियेच्या तारखेला पत्र लिहून आपली खुशाली कळवावी, असा त्यांचा आग्रह असे आणि रुग्ण तो आनंदाने पाळीत. चारशेहून अधिक ग्लायोमांचा हा संग्रह पर्सिव्हल बेली यांनी सूक्ष्मदर्शकाखाली नव्याने तपासला. गर्भाच्या मेंदूत आधारपेशी ज्या क्रमाने घडत जातात, त्या क्रमातील कोणत्या पायरीवरच्या पेशींशी गाठीतील पेशींचे साम्य आहे, हे त्यांनी पाहिले. पेशी जितकी अपक्व, तितकी गाठ घातक, असे आढळले. प्रत्येक गटापुढे रुग्णांचे सरासरी आयुष्य मांडले गेले. सर्वांत घातक असलेल्या आणि पुढे ग्लायोब्लास्टोमा या नावाने रूढ झालेल्या गटातील रुग्ण सरासरी वर्षभरच जगत होते. लहान मुलांच्या अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) होणाऱ्या मारक गाठीला 'मेड्युलोब्लास्टोमा' हे नाव या दोघांनी १९२५ साली दिले होते. ही गाठ कितीही काळजीपूर्वक काढली तरी परत येते आणि पसरते, हे त्यांच्या अनुभवास आले, म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेनंतर क्ष-किरण उपचारांची जोड दिली.

वर्गीकरणाने कोणाला बरे केले नाही. पण कोणत्या रुग्णावर धाडस करावे, कोणाला केवळ दाब कमी करून सुख द्यावे आणि कोणाला खरी आशा दाखवावी, हे ठरवण्यास प्रथमच आधार मिळाला. या ग्रंथातील सूक्ष्मदर्शकीय परिश्रम मुख्यतः बेली यांचे होते, हेही सांगणे न्यायाचे ठरेल. सुरीची मर्यादा डँडी यांच्याही अनुभवातून सिद्ध झाली. ग्लायोमाच्या काही रुग्णांत त्यांनी १९२३ पासून उजवा मस्तिष्कार्ध संपूर्ण काढून पाहिला. तरीही रोग उलटला.

विजेची सुरी

रक्ताळ गाठींपुढे कुशिंग यांची सारी शिस्त थिटी पडे. हार्वर्डमधील भौतिकीविद विल्यम बोवी यांनी उच्च कंप्रतेच्या विद्युत्प्रवाहावर चालणारे एक यंत्र बनवले होते. एक प्रवाह ऊती कापी, दुसरा रक्त गोठवी. १ ऑक्टोबर १९२६ रोजी कुशिंग यांनी ते शस्त्रक्रियागृहात आणवले. मेजावरच्या रुग्णाच्या डोक्यातील गाठ काही दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्धवट सोडावी लागली होती. गडबड बरीच झाली. रक्त देण्यासाठी बसलेला विद्यार्थी भोवळ येऊन पडला. परंतु गाठ निघाली आणि रुग्ण वाचला. त्यानंतर पूर्वी असाध्य म्हणून परत पाठवलेल्या अनेक रुग्णांना कुशिंग यांनी पुन्हा बोलावून घेतले. बोवी यांनी आपल्या यंत्राचे हक्क नाममात्र किमतीला विकले आणि त्यातून त्यांना धन मिळाले नाही; जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत मात्र त्या यंत्राला आजही 'बोवी' म्हणतात. १९२९ साली रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह बॉस्टनला आले असता कुशिंग यांनी ती सुरी त्यांच्या हाती दिली आणि पावलॉव्ह यांनी मांसाच्या तुकड्यावर आपली सही कोरली.

स्वभाव व खाजगी जीवन

कुशिंग रुग्णांशी अत्यंत मृदू असत. शस्त्रक्रियेनंतर पट्ट्या ते स्वतः बांधीत. साहाय्यकांशी मात्र ते कठोर, प्रसंगी अन्यायी वागत. त्यांच्या हाताखाली काम करणे हा मान होता, तसा जाचही होता. संशोधनाच्या ओढीने त्यांच्याकडून मर्यादा ओलांडल्याचीही उदाहरणे आहेत. पीयूषिकेच्या विकाराने अवाढव्य वाढ झालेल्या एका माणसाच्या मृत्यूनंतर त्यांच्या सहकाऱ्यांनी नातलगांच्या नकळत शवविच्छेदन केले होते. घरी त्यांचा वेळ फारसा जात नसे आणि मुलांचा सारा भार पत्नीवर होता. जून १९२६ मध्ये येलमध्ये शिकणारा त्यांचा थोरला मुलगा विल्यम मोटार अपघातात गेला. बातमी सकाळी आली. कुशिंग यांनी ती पत्नीला कळवली आणि त्या दिवशीची ठरलेली शस्त्रक्रिया पुरी केली. यात कर्तव्यनिष्ठा पाहावी की भावनांपासून पळ, याविषयी चरित्रकारांत एकमत नाही.

अखेरची वर्षे

१५ एप्रिल १९३१ रोजी त्यांनी खातरजमा झालेल्या दोन हजाराव्या मेंदू-अर्बुदावर शस्त्रक्रिया केली. तिचे चलचित्रण करण्यात आले. त्याच वर्षी बर्न येथील आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी या दोन हजार रुग्णांचे गटवार मृत्युप्रमाण मांडले. ज्या गटांत अपयश आले होते, तेही आकडे त्यात होते. १९३२ साली पीयूषिकेतील सूक्ष्म गाठीमुळे चेहरा गोल होणे, धड स्थूल होणे, रक्तदाब वाढणे अशी लक्षणे दिसणाऱ्या विकाराचे त्यांनी वर्णन केले. हाच कुशिंगचा रोग. त्याच वर्षी ते ब्रिगममधून निवृत्त झाले आणि १९३३ साली येलमध्ये प्राध्यापक म्हणून गेले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांची अनेकदा शिफारस झाली, पण ते त्यांना मिळाले नाही.

१९३८ साली मेनिंजिओमावरील त्यांचा बृहद्ग्रंथ लुईझ आयझेनहार्ट यांच्यासह प्रसिद्ध झाला. आयझेनहार्ट यांनी प्रथम कुशिंग यांच्या कचेरीत काम केले, मग वैद्यकाची पदवी घेतली आणि त्या मेंदू-अर्बुदांच्या विकृतिशास्त्रातील अधिकारी व्यक्ती झाल्या. अर्बुदांच्या नोंदवह्या त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत. शस्त्रक्रिया चालू असताना ताज्या नमुन्यावरून गाठीचा प्रकार त्या तेथल्या तेथे सांगत. १९४४ साली निघालेल्या मेंदूशल्यशास्त्राच्या अमेरिकन नियतकालिकाच्या त्या पहिल्या संपादक होत्या.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर ७ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यू हेवन येथे कुशिंग यांचे निधन झाले. शवविच्छेदनात त्यांच्या मेंदूतील तिसऱ्या पोकळीत सुमारे एक सेंटिमीटर आकाराची निरुपद्रवी गाठ आढळली.

शिष्यपरंपरा व संग्रह

इंग्लंडचे ह्यू केर्न्स, स्कॉटलंडचे नॉर्मन डॉट आणि कॅनडाचे वाइल्डर पेनफिल्ड यांनी आपल्या उमेदवारीच्या काळात कुशिंग यांच्याकडे काम केले आणि पुढे आपापल्या देशांत मेंदूशल्यशास्त्राची केंद्रे उभारली. पेनफिल्ड यांच्या मॉन्ट्रिऑल येथील संस्थेत शिकून आलेले डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात भारतातील या शाखेचा पहिला विभाग सुरू केला.

कुशिंग यांचा दुर्मीळ ग्रंथांचा संग्रह येल विद्यापीठाला मिळाला आणि त्यातून तेथील वैद्यक-इतिहासाचे ग्रंथालय १९४१ साली उघडले. बाटल्यांत जतन केलेले मेंदू, हजारो काचपट्टीवरील छायाचित्रे आणि सुमारे २,२०० रुग्णांची टिपणे यांचे भाग्य तितके चांगले नव्हते. कित्येक वर्षे हा ठेवा विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या तळघरात धूळ खात पडला होता. १९९० च्या दशकात कुतूहलाने आत शिरलेल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांमुळे त्याकडे पुन्हा लक्ष गेले. नमुने साफ करून, त्यांची पुन्हा नोंद करून २०१० साली येलच्या वैद्यकीय ग्रंथालयात 'कुशिंग सेंटर' या नावाने ते अभ्यासकांस व सर्वसामान्यांस खुले करण्यात आले. जनरल वुड यांचा मेंदूही या संग्रहात आहे.